पदकाच्या कडेवर उरलेली जागा

मावशी, परवा दुपारी तुमचा पुतण्या मनोहर दुकानात आला तेव्हा मी आधी त्याच्यावर खेकसलो. त्याचं घड्याळ दुरुस्त होऊन दोन महिने माझ्या खणात पडलेलं. मला वाटलं, आता कुठे आठवण झाली स्वारीला. "या साहेब," मी म्हटलं, "तुमच्या घड्याळाला आता माझाच लळा लागलाय." तो हसला नाही. बाकावर बसला, खिशातून तुमची ती लहानशी खणाची पिशवी काढली, काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, "मोठीमाय गेली जी. आठ दिवस झाले."

डोळ्याला लावलेलं भिंग काढायचंही मला सुचलं नाही. एका डोळ्याला मनोहर दिसत होता, दुसऱ्याला नुसतं धुकं.

"अरे, मला कळवायचं नाही?"

"तिनंच नाही म्हटलं. म्हणे, घडीवाले येतीन, दुकान बंद राहीन, लोकाईच्या घड्या अडकतीन." मग पिशवी माझ्याकडे सरकवून तो म्हणाला, "अन् हे तुमाले द्याले सांगतलं. म्हणे, काही सांगू नोको, त्याईले समजते."

समजतं की! तीच तर पंचाईत आहे. इतकी वर्षं आपण दोघं या एका गोष्टीवरून भांडलो. दर भेटीत तुम्ही मागितलंत, दर भेटीत मी नाही म्हणालो. आणि आता तुम्ही अशा ठिकाणी जाऊन बसलात, जिथे माझं नाही पोचतच नाही. हा शुद्ध रडीचा डाव आहे, मावशी.

पदक आत्ता माझ्यासमोर टेबलावर आहे. कोरणीला धार लावून ठेवली आहे. पण तुमच्याशी चार शब्द बोलल्याशिवाय हात चालेल असं वाटत नाही, म्हणून हे लिहायला बसलो. तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि माझी बडबड तर तुम्ही निम्मीच ऐकत होतात. त्यामुळे आपल्यात फारसा फरक पडलेला नाही.

तुमची-माझी ओळख झाली ती एका विहिरीमुळे. तुमच्या गावच्या शेषरावांनी संत्र्याची बाग वाढवायची म्हणून ओढ्याकाठची बुजत आलेली जुनी विहीर उपसायला घेतली. गाळातून देव निघाले. पितळेचे, चांदीचे, बोटाएवढे, पैशाएवढे. शेषराव घाबरले आणि ते सगळे देव त्यांनी नेऊन नदीत सोडले. पण त्यांच्यातच एक काळाठिक्कर गोल तुकडा होता आणि त्याच्या कडेला इंग्रजी अक्षरं होती. इंग्रजी बोलणारा देव त्यांनी पाहिलेला नव्हता. नागपूरला मोटारपंप घ्यायला आले तेव्हा धरमपेठेत माझ्या दुकानात शिरले आणि तुकडा पुढे करून म्हणाले, "पाहा बरं जी, रुपया हाय का हा? लई मोठा हाय."

मी खडूची पूड आणि मऊ ब्रश घेऊन बसलो. काळं निघत गेलं तशी खालून चांदी दिसायला लागली. एका बाजूला घोडा, घोड्यावर उघडाबोडका स्वार, बाजूला चौदा आणि अठरा साल. म्हणजे पहिल्या महायुद्धाचं पदक. वरची फीत अडकवायची दांडी कोणीतरी कापून घासून टाकली होती. दुसरी बाजू मात्र मला कळेना. तिथे एका माणसाचं डोकं होतं, पण इतकं झिजलेलं की कपाळ, नाक आणि मानेची रेघ एवढंच उरलेलं. घोड्याच्या शेपटीचे केस मोजून घ्या आणि इकडे चेहरा सपाट! गाळात पडून चांदी काळी पडते, झिजत नाही. आणि झिजलीच तर एकाच बाजूनं कशी झिजेल? चाळीस वर्षं मी चाकं, दाते, खिट्या झिजताना पाहत आलो आहे. झिजेला कारण लागतं. ते कारण मला सापडलं नाही, आणि असं काही सापडलं नाही की मला जेवण गोड लागत नाही.

कडेवर नंबर होता, मग शिपाई, मग नाव, मग पलटण. नाव इंग्रजीत होतं. एस, दोन ओ, के, ए. मी वाचलं, "सूका."

शेषराव म्हणाले, "सूखा म्हनजे तं दुष्काळ. हे मानसाचं नाव हाय का दुष्काळाचा दाखला?" त्यांच्या गावात या नावाचं कोणी नाही, असं त्यांनी ठासून सांगितलं. मी म्हटलं, पलटणीतल्या माणसाचं आहे, बहुतेक लढाईत गेलेल्या. तसा त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला. "मंग ज्याचं हाय त्याले देऊन टाका जी. दुसऱ्याचं नाव कोरेल वस्तू मी घरात ठेवत नाही." आणि पदक माझ्या गळ्यात घालून ते पंप घ्यायला निघून गेले.

पुढच्या रविवारी मी काटोलची एसटी पकडली, तिथून दुसरी. तुमच्या गावात पारावरच्या सगळ्यांनी माना हलवल्या. सूका कोणी नाही, कधी नव्हता. विहाराजवळ एक म्हातारबुवा खाट टाकून बसले होते. ते म्हणाले, "पलटनीत गेलेलं मानूस? तं त्या बुढीले विचारा."

तुम्ही अंगणात सुपात तूर निवडत होतात. मी कोट घातलेला, हातात पिशवी, चेहऱ्यावर तहसील कचेरीचा भाव. आल्या आल्या विचारलं, "इथे सूका नावाचा शिपाई कोण होता?"

"नोव्हता," तुम्ही मान वर न करता म्हणालात. "असा कोनी नोव्हता."

मी वळलो. खरंच वळलो होतो, मावशी. तुम्ही मागून हाक मारली नसती तर मी परतीच्या गाडीत बसलो असतो. "बसा जी, इतक्या उन्हाचे आले. पानी तं घ्या. काहून विचारता?"

मी विचारलं, घरातलं कोणी फौजेत होतं का. तुम्ही मान हलवलीत. कोण? तुम्ही पदर सारखा केलात. म्हणजे मालक? पुन्हा मान. मी म्हटलं, नाव सांगा. तुम्ही पुन्हा तूर निवडायला लागलात. मी म्हणजे मोठा शिस्तीचा माणूस! "असं कसं? नाव जुळल्याशिवाय वस्तू देता येणार नाही." नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बाया मी माझ्या घरात जन्मभर पाहिल्या, पण त्या क्षणी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

तुम्ही सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकलात आणि म्हणालात, "दुःख नसते तवा मानसाले काय असते?"

"काय असतं?"

"तुमी सांगा. शिकलेले दिसता."

"सुख असतं."

तुम्ही खाली पाहिलंत. "त्याच्या मांगं देव लावा."

सुखदेव. त्या इंग्रजी कारकुनाच्या कानानं की हातानं सुखदेवाचा सूका करून टाकला होता आणि तो तसाच चांदीत कोरून निघाला होता. तुमच्या गालावर हसू फुटलं होतं. मी सरकारी माणूस आहे असं समजून तुम्ही पुढे म्हणालात, "अन् माहं बी लिहून घ्या मंग. दारात उभी राह्यते. पानी घातलं तं बरं, नाही घातलं तरी तग धरते. पह्यले आमच्या बी दारात होती, आता काढली. मीच तेवढी राह्यली."

मला वाटलं, बाई आपल्या नशिबाची कहाणी सांगताहेत. मी चेहरा गंभीर केला, च्‌ च्‌ केलं. तुम्ही आणखीच हसलात. मला वाटलं, म्हातारी माणसं दुःखात अशी हसतात.

मग मी पदक तुमच्या हातात ठेवलं. तुम्ही ते पाहिलंही नाहीत. मूठ मिटलीत. आणि मुठीच्या आत तुमचा अंगठा आपोआप त्या सपाट बाजूवर गेला आणि फिरायला लागला, कपाळापासून खाली, कपाळापासून खाली. जणू काल संध्याकाळीच हे काम अर्धवट सोडून उठला होतात. मग तुम्ही बोललात, आणि ते माझ्याशी नव्हतं.

"आले," तुम्ही म्हणालात. "आले जी."

मी घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. देवळात गेलो तरी माझं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे. पण त्या दिवशी तुमच्या अंगणात माझ्या अंगावर काटा आला.

तेव्हाचीच एक गोष्ट आहे. ती मी तुम्हाला कधी बोललो नाही. तुम्ही चहा केलात आणि पितळी कपबशी माझ्यापुढे धरलीत. माझा हात पुढे यायला एक क्षण लागला. माझ्या आजोबांच्या घरातले जुने नियम त्या एका क्षणात माझ्या बोटांत येऊन बसले. मी चहा घेतला, सगळा प्यायलो, पण तो क्षण तुम्ही पाहिला होतात. "साखर जास्त नाही टाकली जी," एवढंच म्हणून तुम्ही मला सोडवलंत. नंतर तुमच्या घरी जेवलो, तुमच्या हातची ज्वारीची भाकर आणि चुनवड्या मागून मागून खाल्ल्या. पण त्या पहिल्या चहाबद्दल मी माफी मागितली नाही. ती आज मागतो. मला त्या क्षणाची लाज वाटते, मावशी.

नंतर मी येत राहिलो. काहीतरी निमित्त शोधायचो, पण खरं कारण ते सपाट डोकं होतं. एकदा विचारलंच, पदक विहिरीत गेलं कसं? तुम्ही आधी बाहेर डोकावून मनोहर नाही ना ते पाहिलंत, मग सांगितलंत.

लग्नात तुम्ही नऊ वर्षांच्या. अंतरपाट निघाला तेव्हा खाली पाहत होतात. हळदीच्या वेळी एकदाच चोरून वर पाहिलंत. पाचव्या दिवशी सुखदेवराव पलटणीत परत गेले, तिथून आगबोटीनं बसऱ्याकडे, आणि मग ते लढाईत गेल्याचा कागद आला. कागदामागून काही वर्षांनी हे आलं. तुमच्या सासऱ्यांनी अंगठा उठवून ते घेतलं. उलटसुलट करून पाहिलं. घोडा दिसला, घोड्यावर स्वार दिसला. म्हणाले, हा तर खंडोबाचा टाक. वीर गेला तर त्याचा टाक देव्हाऱ्यात बसवतातच. इथे सरकारनंच घडवून पाठवला! सोनाराकडून वरची दांडी काढून घेतली आणि पदक देव्हाऱ्यात इतर देवांच्या शेजारी जाऊन बसलं. घरातल्या सगळ्यांसाठी तो घोड्याच्या बाजूचा देव होता. तुमच्यासाठी दुसऱ्या बाजूचा.

पस्तीस वर्षं रोज सकाळी घरात कोणी उठायच्या आधी तुम्ही त्याला उलटं करून हळद लावलीत आणि पुन्हा घोडा वर करून ठेवलंत. मी विचारलं, पुन्हा उलटं का? तुम्ही म्हणालात, "सासरे, दीर, सारे येत-जात. त्याईच्या देखत मी मालकाच्या तोंडाकडे पाहू काय?" दोनदा तुमचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, ठरवला होता, रिवाजाप्रमाणे, चांगल्या घरात. दोन्ही वेळा तुम्ही नाही म्हणालात. का, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही, आणि तुम्हीही सांगितलं नाहीत.

मग छप्पन सालची दीक्षा. तुमची सगळी वस्ती नागपूरला आली होती, तुम्हीही पांढरं लुगडं नेसून. परत आल्यावर दिरानं देव्हाऱ्यातले सगळे टाक, सगळ्या मूर्ती एका फडक्यात बांधल्या आणि ओढ्याकाठच्या विहिरीत सोडल्या. वस्तीतल्या घराघरातून गाठोडी आली. पोरं टाळ्या वाजवत होती. तुम्हीही काठावर उभ्या होतात, हसत होतात. घरी येऊन रिकाम्या कोनाड्याकडे पाहिलंत तेव्हा तुम्हाला कळलं. सकाळी निघताना तुम्हीच घोडा वर करून ठेवला होतात.

"त्याचा काय दोष?" तुम्ही दिराबद्दल म्हणालात. "त्यानं घोडा पाह्यला. देव समजून टाकला. म्याच उलटं ठेवलं होतं."

मी म्हटलं, अहो, पण तेव्हाच सांगायचं! विहिरीत माणूस उतरवता आला असता.

तुम्ही माझ्याकडे रोखून पाहिलंत. "सारं गाव मान वर करून आलं होतं जी. जल्मात पह्यल्यांदा. त्या दिवशी मी एकटी रडत बसू काय? अन् ज्या देवाईले सोडलं त्याच्यातून एक परत काढा म्हणू? माह्या दिराले काय वाटलं असतं?"

सतरा वर्षं तुम्ही त्या विहिरीवरून शेतात जात-येत राहिलात. दीर गेला, त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. मनोहरला अजून माहीत नाही आणि माझ्याकडून कळणार नाही. मी भल्याभल्या माणसांची घड्याळं उघडली आहेत, मावशी. इतकं आत दडवून इतकं नेमानं चालणारं काही मी पाहिलेलं नाही. तुमच्यापुढे मी लहान होतो आणि तसं वाटण्यात मला सुखच वाटत आलं.

तरीही शहाणपणा शिकवायला गेलोच. मनोहर तुम्हाला डोळे दाखवायला नागपूरला घेऊन आला होता, तेव्हा तुम्ही माझ्या दुकानात बसलात. पदक जवळ होतंच. मला माझी हुशारी दाखवायची हुक्की आली. खणातून एक जुना रुपया काढला, त्याच राजाचा, त्याच बाजूनं तोंड केलेला. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून म्हटलं, "हे पाहा मावशी. हा विलायतेचा राजा. याला दाट दाढी आहे, मिशा आहेत. तुमच्या पदकावरची झिजून गेली. मी बारीक कोरणीनं दाढी परत काढून देतो. अगदी मूळचं दिसेल."

तुम्ही झटकन पदकावर तळहात ठेवलात. एखाद्या पोराच्या गालावर कोणी हात उगारला की आई ठेवते तसा.

"नोको जी," तुम्ही म्हणालात. "त्याईले दाढी नोव्हती."

मला आधी समजलंच नाही. मी म्हटलं, "अहो, हा राजा आहे."

"मालूम हाय. आला तवा राजाच होता. मी काय येडी हाय का?" तुम्ही हात उचललात आणि अंगठा त्या गुळगुळीत गालावरून फिरवलात. "मंग हळूहळू हे झाले."

मावशी, मी भिंग लावलं आणि पुन्हा पाहिलं. त्या दिवशी मला त्या झिजेचं कारण मिळालं. हळदीचा अंगठा, रोज एकदा, कपाळापासून खाली. आधी दाढी गेली असेल, मग मिशा, मग डोळ्याखालच्या वयाच्या रेघा. एका सम्राटाचं तोंड तुम्ही पस्तीस वर्षांत पुसून काढलंत आणि त्याखालून हळद लागलेला वीस-बावीस वर्षांचा मुलगा बाहेर आणलात, एकदाच चोरून पाहिलेला. हे काम करायला माझ्याकडे हत्यार नाही. जगात कोणाकडे असेल असं वाटत नाही. मी रुपया उचलून खणात टाकला आणि भिंग पुसत बसलो. मनोहर म्हणाला, भाऊ, बरं नाही का?

त्याच दिवशी आपलं भांडण सुरू झालं. माझ्या काउंटरवर एक घड्याळ पालथं पडलं होतं, कोणाच्या तरी सेवानिवृत्तीच्या भेटीचं, पाठीवर नाव कोरलेलं. तुम्ही विचारलंत, हे तुम्ही कोरता? मी छाती फुगवून हो म्हटलं. तुम्ही पदक उभं धरून कड माझ्यापुढे केलीत. पलटणीच्या नावानंतर आणि नंबराच्या आधी बोटभर जागा कोरी होती.

"इथी माहं नाव टाका."

मी सरळ नाही म्हटलं. ही सैन्याची वस्तू, यावर सैन्यानं कोरलं तेवढंच खरं, आपण हात लावायचा नसतो, त्याची किंमत जाते, मान जातो. मी बरीच कारणं दिली. तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "सरकारनं माह्या मानसाले नेलं, अन् त्याचं नाव कोरलं. म्या तं कोनाचं काही नेलं नाही. मले काहून जागा नाही? जागा तं हाय."

"जागा आहे म्हणून काय झालं?"

"लग्नाचा कागद नाही. फोटो नाही. त्याईच्या संगं माहं नाव कुठंच नाही लिहेल."

मी तेव्हाही नाही म्हणालो. पुढच्या भेटीत नाही म्हणालो, त्याच्या पुढच्याही. कधी तुम्ही संत्री पाठवून लाच द्यायचा प्रयत्न केलात. मी संत्री खाल्ली आणि नाही कळवलं. मला वाटायचं, मी एका पवित्र वस्तूचं रक्षण करतोय. कोणापासून, तर जिच्या अंगठ्यानं ती घडली तिच्यापासून! माझ्या अकलेचं कौतुक करावं तेवढं थोडं.

परवा मनोहर दुकानातून परत गेला आणि मी ठरवलं. कोरायचं. पिशवीतून पदक काढलं, घट्ट धरायच्या पकडीत बसवलं, कोरणी उचलली. आणि हात तसाच राहिला. तुमचं नाव मला माहीत नव्हतं.

सात वर्षं मी तुम्हाला मावशी म्हटलं. मनोहर मोठीमाय म्हणायचा, गाव बुढी म्हणायचं. पहिल्या दिवशी तुमच्या नवऱ्याच्या नावासाठी अडून बसलेला मी, तुमचं नाव एकदाही विचारलं नाही. काल मनोहरला निरोप पाठवून बोलावून घेतलं. तो बिचारा ओशाळला. त्यालाही माहीत नाही. शिधापत्रिकेवर काय आहे? ती त्यानं सोबतच आणली होती. 'बेवा सुखदेव', म्हणजे सुखदेवची विधवा, एवढंच. मी कपाळाला हात लावला. तो आठवायचा प्रयत्न करत म्हणाला, "लहानपनी बाबाच्या तोंडून एक डाव ऐकलं होतं जी. शेवटी 'सा' होतं. इतकंच आठोते."

आज सकाळी माझी बायको अमरावतीहून परत आली. लेकीकडे पंधरा दिवस राहिली होती. चपला काढायच्या आधीच दारातल्या कुंडीपाशी गेली आणि तिचा तोंडाचा पट्टा सुरू झाला. "पंधरा दिवसांत एक तांब्या पाणी घातलं नाही ना? नाही घातलं तरी तग धरून राहिली बिचारी म्हणून बरं!"

माझ्या हातातला चहा सांडला, मावशी.

दारात उभी राह्यते. पानी घातलं तं बरं, नाही घातलं तरी तग धरते. पह्यले आमच्या बी दारात होती, आता काढली. मीच तेवढी राह्यली.

तुम्ही पहिल्याच दिवशी, पहिल्या पाच मिनिटांत मला नाव सांगितलं होतंत. सुखदेवरावांचं कोडं घातलंत आणि लगेच स्वतःचं. दीक्षेनंतर तुमच्या अंगणातलं वृंदावन काढलं होतं, म्हणून मला दारात काही दिसलं नाही. मी तुमच्या गमतीला दुःख समजलो, च्‌ च्‌ केलं, आणि तुम्ही हसलात. सात वर्षं वाट पाहिलीत, या शिकलेल्या माणसाला कधी कळतंय. मी लोकांची घड्याळं पुढे-मागे करून देणारा माणूस. माझंच सात वर्षं मागे होतं.

चहा पुसला आणि तसाच दुकानात येऊन बसलो. शटर अर्धंच वर केलंय. आता हे लिहून झालं की कोरायला घेणार आहे. अक्षरं देवनागरीत कोरीन, खोल कोरीन, कोणाच्या अंगठ्यानं लवकर जाऊ नयेत अशी. चेहऱ्याच्या बाजूला ब्रशसुद्धा लावणार नाही. कड गोल आहे, तिला पहिलं-शेवटचं काही नसतं. फिरवत गेलं की तुमच्यामागून त्यांचा नंबर येईल, त्यांचं नाव येईल, पलटण येईल आणि पुन्हा तुम्ही. त्या कारकुनानं चुकवलेलं नाव मी दुरुस्त करणार नाही. त्यांना तुम्ही तसंही ओळखलंत.

रविवारी मनोहर न्यायला येईल. तो कड फिरवून वाचेल आणि विचारेल, भाऊ, हे तुमाले कोनं सांगतलं? मी त्याला खरं तेच सांगीन. तिनंच सांगितलं होतं, पहिल्याच दिवशी, मीच लिहून घ्यायला उशीर केला.

तुळसा.